चहा झाली, चहा झाला

मराठी माणसाकडे उसने पैसे मागितले, तर तो दोन दिवस विचार करील; पण व्याकरणाची दुरुस्ती तो न मागता, ताबडतोब आणि बिनव्याजी देतो. नव्याने मराठी शिकणाऱ्या एखाद्याने "माझा आई गावाहून आला" एवढं म्हणायचा अवकाश! आईचा प्रवास कसा झाला, मुक्काम किती दिवस, हे सगळं बाजूला राहतं आणि आईच्या लिंगनिश्चितीसाठी तिथल्या तिथे परिसंवाद भरतो. आई बिचारी पिशवी घेऊन दारातच उभी!

आता आपली भाषा नवख्याला सोपी आहे, असं आपल्या शत्रूनेही म्हणू नये. एकाच ट्रेमध्ये तीन पेयं ठेवा. चहा तो, कॉफी ती आणि सरबत ते. का, असं विचारू नका. विचारलंत तर "तसंच आहे" यापलीकडे कोणी काही सांगणार नाही. त्यातून शिकणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मातृभाषेची वळकटी काखोटीला मारूनच येतो. हिंदीत 'चाय' स्त्रीलिंगी, म्हणून लखनौचा माणूस "चहा झाली" म्हणतो. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंची रवानगी एकाच नपुंसक गोटात. तिकडच्या माणसाला खुर्चीतलं स्त्रीत्व आणि पलंगातलं पुरुषत्व दिसणार कुठून? बंगाली क्रियापदाला तर कर्ता बाई आहे की बुवा, याची चौकशी करायची सवयच नाही. म्हणजे ही चूक अडाणीपणाची नसते, माहेरच्या वळणाची असते. आणि माहेरची वळणं टोमण्यांनी जात नाहीत, हे घरोघरी ठाऊक आहे.

अशा माणसाला दुरुस्त करणाऱ्यांचे तीन प्रकार मी पाहिले आहेत.

पहिले व्याकरणशास्त्री. आमच्या सोसायटीतले एक परप्रांतीय शेजारी लिफ्टकडे धावत येताना "जरा थांबा" म्हणाले. त्यांचा 'ज' निघाला 'जय'मधला. आतल्या आजोबांनी लिफ्टचं दार धरून ठेवून त्यांना समजावलं, "अहो, तो 'जरा' म्हणजे म्हातारपण! थोडं या अर्थाचा 'जरा' म्हणताना जीभ दातांजवळ न्यायची. तुम्ही आत्ता वार्धक्याला थांबायला सांगितलंत." माहिती शंभर टक्के खरी. दोन्ही शब्द लिहायचे सारखे आणि उच्चारायचे वेगळे, तेव्हा हे कोणीतरी सांगायलाच हवं. पण लिफ्टमध्ये, पाच माणसांदेखत? दुसऱ्या दिवसापासून ते शेजारी जिन्याने जाऊ लागले.

दुसरे हसणारे. ही माणसं मनाने वाईट नसतात. उलट त्यांना आनंद इतका होतो की, तो वाटून घ्यावासा वाटतो. "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा! अगं, बाहेर ये, हे काय म्हणतायत ऐक!" हिंदीत 'हम' एकच, आपल्याकडे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला धरून 'आपण'. ओळखीतल्या एका घरी हिंदी मुलुखातून आलेल्या नव्या सूनबाईंनी पाहुण्यांना मोठ्या प्रेमाने म्हटलं, "चला, आम्ही जेवायला बसू." म्हणजे घरचे जेवणार आणि पाहुण्यांनी बघत राहायचं! पंगत खो खो हसली. त्यानंतर वर्षभर ती मुलगी मानेनेच हो-नाही करत होती, आणि सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमची सून फार शांत हो!"

तिसरे दयाळू. यांना समोरच्याची धडपड पाहवत नाही, म्हणून ते लगेच हिंदीवर उतरतात. "काका, चहा झाली का?" असं कोणी विचारलं की, काका म्हणतात, "हां हां, चाय हो गया, आप बैठो ना!" पाहुण्याने चहाला बाई केलं, काकांनी चायला बुवा केलं, फिट्टंफाट झाली. पण पाहुण्याचं मराठी तिथेच थांबलं. आणि संध्याकाळी हेच काका कट्ट्यावर म्हणणार, "वीस वर्षं इथे राहतात, पण मराठीचं अक्षर शिकतील तर शपथ!" शिकतील कसे, काका? तुम्ही बोलू द्याल तर ना!

मग करायचं काय? मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडे जावं.

"मावशी, कोथिंबीर ताजा आहे?"

"ताजी आहे की, आत्ताच आलीय. देऊ एक जुडी?"

संपलं! बरोबर रूप कानावर पडलं, जुडी खपली, आणि आपली दुरुस्ती झाली हे गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. घरोघरी आया दुसरं काय करतात? पोर "बाबा आली" म्हणालं की, "हो, बाबा आले!" म्हणतात. कोणती आई त्याच्यापुढे लिंगविचाराचा तक्ता टांगते? आधी माणूस काय सांगतोय ते ऐकावं, उत्तर देताना त्याचंच वाक्य नीट करून परत द्यावं, आणि दहा चुका असल्या तरी एका वेळी एकच उचलावी. नियम त्याने विचारला तर सांगावा. गोळी दीड घ्यायची की अडीच, अशा जागी चूक झाली तर मात्र भीड न ठेवता तिथेच सांगावं.

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. उतरल्या दिवशी तो काही ओवीत बोलला नसेल. मधल्या सदतीस वर्षांत कोणीतरी त्याची मोडकीतोडकी वाक्यं निमूट ऐकून घेतली असणार. पुढे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी तर मराठी एवढं शिकले की, शाळेच्या पुस्तकांतलं आपलंच मराठी तपासू लागले! आपल्या लेखनात विरामचिन्हं रुळली, त्याचं श्रेयही त्यांना देतात. त्यांतला स्वल्पविराम दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वी वापरला, तर फार उपयोगी पडतो.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा सरकारने दिला. बोलणारी माणसं आपल्यालाच जमवायची आहेत. तेव्हा यापुढे कोणी "चहा झाली का?" म्हणून विचारलं, तर "झाला की, या!" म्हणावं आणि खरोखरच कप भरावा.