आच, क्रम आणि झाकण

रोजच्या मराठी स्वयंपाकातले जिन्नस मोजके: तूरडाळ, तांदूळ, कणीक किंवा ज्वारीचे पीठ, एखादी भाजी, दाण्याचे कूट, खोबरे, गूळ, आमसूल. तरीही एका घरची आमटी भुरके मारून संपते आणि दुसऱ्या घरची पातेल्यात उरते. कोणता जिन्नस केव्हा पडला आणि त्या वेळी भांडे किती तापलेले होते, यावर बरेचसे अवलंबून असते.

फोडणीत तर सगळा खेळ सेकंदांचा असतो. मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता यांतली सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. तेलात उतरलेला वास मग सगळ्या पदार्थात पसरतो. तेल पुरेसे तापले की नाही, हे दोन दाणे मोहरी टाकून कळते. दाणे तळाशी निपचित राहिले तर थांबावे. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घालावी. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो फुटतो. न फुटलेली मोहरी दाताखाली कडवट लागते आणि नंतर कितीही शिजवली तरी सुधारत नाही. तडतड ओसरू लागली की जिरे, आणि आच मंद करून हिंग. बाजारातला हिंग बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो, त्यामुळे तो चटकन करपतो. पण गरम तेलात दोन-तीन सेकंदांत त्याचा उग्र दर्प जाऊन कांदा-लसणाच्या जवळचा वास सुटतो. कढीपत्ता पुसून कोरडा करून घालावा, हळद अगदी शेवटी. लाल तिखट फोडणीतच हवे असेल तर गॅस बंद करून घालावे आणि लगोलग डाळ किंवा भाजी ओतावी. तिखटाचा रंग तेलातच छान उतरतो, मात्र ते जळायला क्षण पुरतो. करपलेली फोडणी वाचवण्याच्या नादी कधीही लागू नये. पळीभर तेल वाया गेले तरी चालते, त्यापायी भांडेभर आमटी घालवू नये.

डाळ शिजली नाही की दोष डाळीला दिला जातो. ती जुनी असू शकते, पण अनेकदा कारण पाण्यात असते. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करते. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे सारे डाळ शिजवून घोटल्यानंतरच घालावे. मीठ आधी घातले तर डाळ शिजत नाही, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. डाळ अर्धा तास भिजवावी आणि कुकरमध्येच हळद, चिमूटभर हिंग व अर्धा चमचा तेल घालावे. तेलामुळे फेस आटोक्यात राहतो. कुकरच्या आत पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. शिट्टी होऊ लागल्यावर आच मोठी ठेवली तरी तापमान वाढत नाही, वाफ आणि गॅस तेवढे वाया जातात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि पुढे शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या गावी उघड्या पातेल्यातले पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते; तिथे कुकरवाचून डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो.

भाजीच्या बाबतीत जुन्या घरांतली एक रीत आज मागे पडते आहे, आणि ती पुन्हा रोजच्या वापरात यायला हवी. कोबी, फरसबी, तोंडली, दुधी अशी भाजी फोडणीत परतल्यावर त्यात पाणी ओतायचे नाही. कढईवर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पेलाभर गार पाणी ठेवायचे. भाजीतून निघालेली वाफ गार ताटलीच्या बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते कढईत परत पडतात. भाजी स्वतःच्याच ओलाव्यात शिजते, तळाला लागत नाही, आणि पाण्यात उकडल्यावर येतो तसा मिळमिळीतपणा तिला येत नाही. मधेच कोरडी वाटली तर ताटलीतले तोवर कढत झालेले पाणी चमचा-दोन चमचे घालावे. गार पाणी ओतले की कढई निवते आणि शिजणे थांबते. या पाण्याने तसे होत नाही.

सगळ्याच भाज्यांना झाकण मानवत नाही. पालक, मेथी यांचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो, आणि शिजताना पानांतून सुटणारी आम्ले त्याचा शेवाळी-तपकिरी रंग करतात. भांडे उघडे असले तर ती काही अंशी वाफेबरोबर निघून जातात. सोड्याने रंग टिकतो खरा, पण पाने गिळगिळीत होतात आणि जीवनसत्त्वे नष्ट होतात. सोडा घालूच नये. भेंडीही उघडीच परतावी. ती आधी धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करावी, मगच चिरावी. परतताना दोन आमसुले टाकली की तार कमी होते. मिठाने पाणी सुटते, म्हणून ते शेवटी.

पोळी आणि भाकरी यांची गरज वेगवेगळी आहे. कणकेतल्या ग्लूटेनला पाणी शोषून सैल व्हायला वेळ लागतो. गोळा अर्धा तास झाकून ठेवला की पोळी लाटताना आखडत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसते. तिथे पीठ धरून ठेवते ते गरम पाण्याने फुललेले स्टार्च. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. अशा वेळी परातीत पिठाचे आळे करून त्यात उकळते पाणी ओतावे, उलथन्याने हलवून झाकावे, आणि हाताला सोसेल तेव्हा तळहाताने रगडून रगडून मळावे. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकावी, लगेच पाण्याचा हात फिरवावा आणि पाणी पूर्ण वाळण्याआधी उलटावी. वाळू दिले तर पापुद्र्याला भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'मुळे वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचले, पण भाताच्या पाण्याला एकच माप लागू पडत नाही. नव्या इंद्रायणीला किंवा आंबेमोहराला पाणी कमी लागते, जुन्या तांदळाला जास्त. गॅस बंद केल्यावर भात दहा मिनिटे झाकूनच ठेवावा. तेवढ्यात ओलावा सारखा पसरतो आणि शिते मोडत नाहीत. फोडणीच्या भाताला आदल्या दिवशीचा गार भात चांगला, कारण गार होताना शितांतले स्टार्च पुन्हा घट्ट होते आणि परतताना गोळा होत नाही. मात्र तो भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबदार भातात ते वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात निववून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.