शिवी, कलम २९६ आणि अण्णा

दिवाळीला गावी, म्हणजे जळकोटला गेलो होतो. स्टँडसमोर गाडी वळवताना एका बाईकवाल्याने आरसा उडवला. मी काच खाली केली आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. पुण्यात सिग्नलला हे रोजचंच, कुणी वळूनही बघत नाही. इथे मात्र उदगीरच्या एस.टी.ची वाट बघत बसलेल्या एक मावशी नातीचा हात धरून उठल्या आणि लांब जाऊन बसल्या. माझ्या शेजारच्या सीटवर अण्णा. एक शब्द बोलले नाहीत.

बाईकवालाही तापला. "चला की ओ पोलिसात, कलमच लावतो तुमाला!"

कसंबसं मिटलं. पण रात्री झोप येईना, म्हणून मोबाईलवर कायदा उघडून बसलो. (सवयच आमची, बग आला की आधी डॉक्युमेंटेशन!) पूर्वीचं भा.दं.वि. २९४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ झालंय. अटी तीन, आणि तिन्ही एकदम पूर्ण व्हायला हव्यात. शब्द अश्लील हवेत, जागा सार्वजनिक किंवा तिच्या जवळची हवी, आणि इतरांना त्रास व्हायला हवा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण २०२२ साली सुप्रीम कोर्टाने मदनगोपाल खटल्यात सांगितलंय की नुसती शिवीगाळ म्हणजे अश्लीलता नव्हे, शब्दांनी कामुक भावना चाळवायला हव्यात. म्हणजे पहिलीच अट फेल! राहिलं कलम ३५२, जुनं ५०४. मुद्दाम अपमान करायचा, आणि समोरचा भडकून शांतता मोडेल हे ठाऊक असताना करायचा. त्याला दोन वर्षांपर्यंत. पण माझा तसा हेतू होता हे कोण सिद्ध करणार?

सकाळी चहा घेताना अण्णांना म्हटलं, "सुटलो मी."

अण्णा बँकेतून रिटायर झालेले. म्हणाले, "आपल्या लातूरची केस वाचलास का?" १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका बुलेटिनमध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. १९९५ मध्ये गुन्हा नोंदला गेला तो लातूरच्या गांधी चौक ठाण्यात! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल लागला १४ मे २०१५ ला. कवींवरचा अश्लीलतेचा आरोप कायम राहिला, पण संपादक तुळजापूरकर आणि मुद्रक सुटले.

"संपादक कामून सुटले?" मी विचारलं.

"खटला सुरू व्हायच्या आधीच त्यांनी पुढच्या अंकात बिनशर्त माफी मागितली होती. कोर्टाने ते धरलं." अण्णांनी कप खाली ठेवला. "तू रात्रभर कलमं वाचलास. माफी मागितलास का?"

जळकोट केवढं ते! दहा मिनिटांत बाईकवाला सापडला. "जाऊ द्या ओ, आरशाचं माझ्याकूनच झालं," म्हणाला. चहासुद्धा पाजला.

मग स्टँडवर गेलो. त्या मावशी तिथे कशाला असतील? आदल्या दिवशीच एस.टी.ने गेलेल्या. गाव माहीत नाही, नाव माहीत नाही. 'इतरांना त्रास' या अटीतले 'इतर' म्हणजे त्याच. त्यांची माफी आता कुठे मागू?

असो. आरसा मात्र नवीन बसवला.