समुद्र नसलेल्या मुलखातली चव

अंबाजोगाईहून लातूरच्या अंगाला निघालं, की मार्गशीर्षाच्या शेवटी दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीत आलेली दिसते. तिच्या कडेला करडईची काटेरी ओळ, मध्येच हरभऱ्याचा खारट वास. या दिवसांत आमच्याकडे वेळ अमावास्या येते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही, सगळं गाव शिवारात जेवतं.

मध्यरात्र उलटली की चुली पेटतात. सगळ्यांत मोठं पातेलं भज्जीचं. ही तळायची भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चंदनबटवा, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, असं त्या आठवड्यात शिवारात जे जे असेल ते एकत्र शिजतं. वरून बेसन लावायचं आणि लसणाची खमंग फोडणी द्यायची. तिच्यासोबत बाजरीचे नाहीतर ज्वारीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबट ताकात मुरवून शिजवलेलं, जिऱ्यालसणाचं, मातीच्या मडक्यात गार होत गेलेलं. डोक्यावर घोंगडं घेतलेला माणूस ते मडकं घेऊन बांधावरून चालतो, त्याच्या मागे सगळं घर. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून मांडलेल्या दगडांची पूजा होते, पिकात चर शिंपला जातो, मग पंगत बसते. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाक मारतंच. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत.

भूमध्य समुद्राकाठच्या आहाराला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. आधी स्पेन, ग्रीस, इटली, मोरोक्को. २०१३ मध्ये पोर्तुगाल, क्रोएशिया, सायप्रस. त्या वारशात नुसते पदार्थ नाहीत. पेरणी, कापणी, सणवार, एकत्र बसून खाणं हे सगळं त्यात धरलेलं आहे. हे वाचताना मला राहून राहून येळवसच आठवते. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून तांब्याच्या पसरट थाळ्यात भाजतात. त्याला फरिनाता म्हणतात. शेजारी नीसमध्ये तेच सोक्का होतं. गरिबाघरचं खाणं, आमच्या पिठल्याच्या नात्यातलं. धान्य, डाळ, पाला, आंबट काहीतरी आणि आपल्याच मातीतल्या झाडाचं तेल, एवढ्यावर तिथलंही जेवण उभं आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या बालाघाटात समुद्र नाही, पण काळ्या रानानं पावसाळ्यानंतर धरून ठेवलेली ओल आहे. शाळू तिच्यावरच पिकतो.

आणि तिच्यावरच करडई. तिचं सोटमूळ खोल जातं, वरची भेग पडलेली जमीन कोरडी झाली तरी खालचं पाणी शोधतं. कोवळेपणी पाल्याची भाजी, पुढे घाण्याचं तेल, आणि काट्यांमुळे जनावर ज्वारीत शिरत नाही. ऑलिव्हला तिथे जो मान आहे, तो आमच्याकडे करडईला मिळायला हवा होता. उलट ती पट्ट्यापट्ट्यानं हटली. काढणीला काटे बोचतात, म्हणून दव असताना पहाटेच कापावी लागते. एवढ्या पहाटे यायला मजूर मिळत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं चांगले वाण दिले, तरी शेतकरी खरिपात सोयाबीन काढून रब्बीला हरभरा पेरतो. त्याला दोष कसा द्यायचा? बाजार तिकडे आहे. पण पिशवीतल्या तेलात दिलेली भज्जीची फोडणी वेगळी लागते, हे मी शपथेवर सांगेन.

मजुराचं म्हणाल, तर त्या दिवसांत केज, धारूर, परळीकडची कितीतरी घरं कुलूपबंद असतात. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर भरतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. कोयत्यावर गेलेली जोडपी गाळप संपल्यावर, उन्हाळा लागताना परततात. म्हणजे शिवारात पंगत बसते तेव्हा तिचे निम्मे धनी फडात पाचट बाजूला सारत असतात. पहाटे अंधारात थापलेल्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी कांदा; त्यांची येळवस तेवढीच. वारसा म्हणून या जेवणाचं नाव कुठे नोंदवलं जाईलही, मला त्याचा आनंद होईल. पण ज्या बाईच्या हाताला भज्जीचं माप ठाऊक आहे, ती त्या दिवशी घरी असायला हवी. तिला गावातच काम मिळालं तर ती राहील. आणि तेल काढायला घाणा, दाण्याला भाव मिळाला तर काटे सोसूनही करडई पेरली जाईल. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

यंदा आम्ही शाळूच्या चारी कडांना करडई पेरली आहे. कोवळा पाला दोनदा खुडून झाला. काढणीला हातमोजे लागतील, ते आणून ठेवले आहेत.