बेअरिंग हातात घेऊन

पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाची मुलं कॅम्पसच्या तयारीला येतात तेव्हा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर त्यांचं पाठ झालेलं असतं. नाव, गाव, वडील शेतकरी, छंद क्रिकेट, स्वभाव मेहनती. पाच जणांचं ऐकलं की सहाव्याचं ऐकावं लागत नाही. मी समोरच्याच्या हातात एक बॉल बेअरिंग ठेवतो आणि म्हणतो, आता ह्याबद्दल बोल. मराठीत बोल.

बेअरिंगवर ६२०५ असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. काहींना हे आठवतं, बऱ्याच जणांना नाही. एका मुलीनं मात्र आकडा न बघताच ते बोटावर फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाली, “सर, हे गेलंय.” तिचे वडील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. घरघर कधी सुरू होते, ग्रीस सुकलं की मोटार कशी तापते, पुलर न लावता हातोडीनं ठोकून काढलं तर शाफ्टची काय दशा होते, हे सगळं ती न अडखळता सांगत गेली. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी! तिच्या बायोडेटात यातलं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून तो पहिल्यापासून लिहिला.

माझ्या लेखी मुलाखतीची तयारी म्हणजे मुख्यतः मुलांकडचं असं दडलेलं शोधून काढणं. दार वाजवून आत जाणं, नीट बसणं, इस्त्रीचा शर्ट, हे एका दुपारी शिकवून होतं.

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांतून मुलाखत घ्यायला येणाऱ्यांतले बरेच जण स्वतः शॉप फ्लोअरवर घडलेले असतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ते हमखास विचारतात. “०.०२ मिलिमीटर” हे उत्तर सगळे देतात. “कसं काय?” म्हटलं की शांतता. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात; एक भाग ०.९८चा, म्हणून फरक ०.०२. हे मी फळ्यावर काढून समजावायला लावतो, वर्गाकडे पाठ न करता. प्रेझेंटेशनचा पहिला धडा तोच. प्रोजेक्टर मी फार उशिरा लावू देतो, कारण वाचायला स्लाइड मिळाली की मुलं समोरच्या माणसाकडे बघतच नाहीत.

एखादी गोष्ट येत नसेल तर “माहीत नाही, सर” असं सरळ म्हणायचं, यावर मी हटून बसतो. मशीनवर उभा असलेला पोरगा माप न कळता अंदाजानं कट घेतो तेव्हा जॉब रिजेक्ट होतो, कधी बोटावर बेततं. मुलाखत घेणाऱ्याला ही सवय उत्तरातच ओळखू येते. विषय राहून एटीकेटी लागली असेल तर तेही तसंच सरळ सांगायचं. एकाचं वर्ष आईच्या आजारपणात गेलं होतं. तो ते लपवण्यासाठी काहीबाही जुळवत होता. दवाखाना, घरची जनावरं आणि परत भरलेला फॉर्म, एवढं तीन वाक्यांत सांगायला आम्ही आठवडाभर घासलं. प्रत्येक वेळी त्याचा आवाज दुसऱ्या वाक्यावर बसायचा. मी थांबायचो, तो पाणी प्यायचा, पुन्हा पहिल्यापासून.

इंग्रजीची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण मराठीत ज्याला आपलं काम नीट सांगता येतं, त्याला इंग्रजीत तुटक का होईना, सांगण्यासारखं काहीतरी असतं. म्हणून क्रम असा ठेवलाय: आधी वस्तू हातात, मग मराठी, मग फळा, शेवटी इंग्रजी. यंदा मॉक इंटरव्ह्यूसुद्धा सेमिनार हॉलऐवजी वर्कशॉपमध्ये, लेथशेजारी घेणार आहे. प्रश्न विचारायला कंपन्यांत लागलेली आमचीच जुनी मुलं येतील, त्यांना मी एवढंच सांगितलंय, की “कसं काय?” विचारल्याशिवाय कुणालाही सोडू नका.