वजनाचें तिकीट

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड हें मराठवाड्याच्या सीमेलगतचें आमचें गांव. येथें आगगाडी नाहीं. मुंबईस जावयाचें तर बुलढाण्यास येऊन, राजूरचा घाट उतरून मलकापूर गांठावें लागे. आम्हां मुलांस ओढ असे ती स्थानकावरील वजनयंत्राची. त्यावर उभें राहिलें कीं दिवे लुकलुकत, चक्र गरगर फिरे. तें थांबल्यावर खांचेंत नाणें सोडावें. खटकन् आवाज होऊन तिकीट पडे : एका बाजूस वजन, दुसरीस भविष्य.

आजी उपचारासाठीं मुंबईस निघाली, तेव्हां तिलाही आम्ही हट्टानें यंत्रावर उभें केलें. वजन बरेंच उतरलें होतें. भविष्य मात्र दीर्घायुष्याचें निघालें. तेंच तिनें आम्हांकडून दोनदां वाचवून घेतलें. ती परत आली नाहीं.

१८९० च्या दशकांत सॅन फ्रान्सिस्को येथें चार्ल्स फे यानें तीन चक्रांचें जुगाराचें यंत्र बनविलें. त्याच जातीच्या यंत्रांवरील घंटा व चेरी आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फिरतात, आणि लोक जुन्या काळाच्या हौसेनें त्यांत पैसे घालतात. चक्र थांबेपर्यंतची ती धाकधूक आम्हांसही ठाऊक आहे. तिला हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु तें यंत्र बहुधा रित्या हातानेंच परत धाडतें. आमचें यंत्र निदान वजन तरी सांगे.

आजीचें तें तिकीट धाडच्या घरीं फडताळांत अजून आहे. त्यावरील भविष्य खोटें ठरलें, वजन खरें होतें. आम्ही मात्र त्या दिवशीं भविष्यच वाचीत होतों.