दान आणि डाव

मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानोबा माउलींना देते. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. पण या पटावर खेळणाऱ्याला विचार करायला जागा नाही. जितके दान पडेल तितकी घरे चालायची. सारीपाटाचे तसे नाही. फासे हाताबाहेरचे, पण पडलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे हे आपल्या हातात. दान हे प्रारब्ध, चाल हे क्रियमाण.

सारीपाटाची बहीण पच्चीसी. तिच्यावरून इंग्रजांनी लुडो बेतला आणि त्याचे पेटंट घेतले. आमच्या कुर्ल्याच्या लोकलमध्ये मुले आज तोच मोबाईलवर खेळतात. नवखा मुलगा सहा पडले की पुढची सोंगटी आणखी पुढे दामटतो. मुरलेला आधी मागे पाहतो: माझ्या पाठीशी कोण आहे, त्याला किती पडले तर मी मरेन? क्षणभर तो समोरच्याच्या जागी बसतो. कीर्तनात पूर्वपक्ष असाच मांडावा लागतो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने मांडले, तरच सिद्धान्त उभा राहतो.

मात्र समोरच्याचे मन ओळखणाऱ्यालाही आपले मन फसवते. जिंकलो तर माझी चाल, हरलो तर दान वाईट! सभापर्वात धर्मराज सर्वस्व हरले, द्रौपदीमुळे सुटले, आणि पुन्हा बोलावणे येताच पुन्हा पटावर बसले. धर्म जाणणाऱ्यालाही उठता आले नाही. पैसे लावून मोबाईलवर खेळणारी तरुण मुले याच जागी अडकतात. 2025 साली केंद्र सरकारने अशा खेळांवर कायद्याने बंदी आणली, ते बरेच झाले. पण ‘आता तरी चांगले दान पडेल’ असे सांगणारा आतला शकुनी कायद्याने उठत नाही.

त्यावरचा उपाय सारीपाटातच आहे. एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की जुग होते. एकटी सोंगटी त्याला मारू शकत नाही. जुग फुटले की सोंगटी उघडी पडते. दिंडीत चालणाऱ्याला संगतीचे हे बळ वेगळे सांगायला नको. म्हणून घरातले, शेजारचे एखादे पोर असे हरत बसले असेल, तर त्याला रागावून दूर लोटू नये. उपदेश नंतर करावा. आधी त्याच्या घरात जाऊन त्याच्याशेजारी बसावे.

रामकृष्ण हरी.