आजीसाठी लॅमिंग्टन रोड

ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरा आणि थोडं चाला. पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं दिसेल, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा! १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचंच नाव अजून चालतं. इथल्याच मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. मला मात्र हवी होती डोअरबेल. डोळ्यांना दिसणारी.

आजीला आता जवळपास ऐकू येत नाही आणि दिवसभर ती घरी एकटी. कुरिअरवाला बेल वाजवून कंटाळून जातो. संध्याकाळी ती विचारते, "आज कुणीच नाही का गं आलं?" बेल दाबली की तिच्या खुर्चीसमोर लाल दिवे लुकलुकावेत, एवढाच प्लॅन.

सर्किट म्हटलं की मला दहावीची प्रॅक्टिकल्स आठवून घाम फुटतो. पण आर्डुइनो नावाचा बोर्ड २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात बनला, तोच इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्या, डिझाइन शिकणाऱ्या पोरांसाठी. म्हणजे आपलाच की!

शनिवारी गेले. चिंचोळं दुकान, भिंतभर खोके, काउंटरवर कॉलेजच्या पोरांची झुंबड. "एलईडी कितने व्होल्ट का?" या प्रश्नावर मी गप्प. काकांनी हसून कागदावर गणित मांडलं. बोर्डाचे पाच व्होल्ट, लाल एलईडी साधारण दोन घेतो, उरले तीन. मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर टाकला, की करंट १४ मिलीअँपिअरच्या आत. रेझिस्टर विसरलात, तर एलईडी गेला. (मी विसरले. गेला.) "और मॅडम, घर के २३० व्होल्ट को हाथ नहीं लगाने का. यूएसबी पे खेलो." म्हणून जुन्या बेलला धक्का न लावता दारावर वेगळं बटण लावलं.

रविवारी रात्री सहा दिवे एकदम लागले. मी सोफ्यावर उडीच मारली! सोमवारी मात्र घोळ. दारात कुणी नसताना दिवे पेटायचे आणि आजी गुडघे सांभाळत दार उघडून रिकामा जिना बघायची. चार वेळा. मला इतकं अपराधी वाटलं की सगळं उपटून टाकणार होते.

पुढच्या शनिवारी परत तेच काका. त्यांनी फक्त विचारलं, "पुल-अप लगाया?" बटण दाबलेलं नसताना पिन कशालाच जोडलेली नसते. मग लांब वायर अँटेनासारखी आजूबाजूचा विजेचा गोंगाट पकडते आणि बोर्डाला वाटतं, कुणीतरी आलं. पिन आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये दहा हजार ओहमचा रेझिस्टर, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. संपला विषय. तो रेझिस्टर काकांनी फुकट दिला.

आता कुरिअर पोचतं. आजीची एकच तक्रार आहे: लाल दिवा म्हणजे रुग्णवाहिका आल्यासारखं वाटतं, हिरवा नाही का मिळत? शनिवारी जातेय.